दोष कोणाला द्यावा?

सुरत शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेथे उन्हाचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणणार नाही. तरी गोडादरा, लिंबायत या भागांत खानदेशातून येऊन राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांकडे पाहिले म्हणजे ऊन असणे आणि ऊन मिळणे यांतील अंतर कळते. बाप लूमवर बारा तासांच्या पाळीत, आई घरात साड्यांना लेस लावीत बसलेली, आणि खिडकी असलीच तर समोरच्या भिंतीवर उघडणारी.

अशा घरातील सोळा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. कित्येक महिने पोट दुखते, जुलाब होतात, कधी रक्त पडते, वजन उतरते. पुष्कळदा आधी आतड्याच्या क्षयाची शंका येते, कारण क्रोनचा रोग दिसतो तसाच. अखेर दुर्बिणीची तपासणी होऊन आतड्याच्या जुनाट दाहाचे निदान होते. रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वही कमी निघते. तो कागद घरी आला की मामा-काका म्हणतात, “तरी सांगत होतो, उन्हात जात जा! दिवसभर घरात मोबाईल घेऊन बसतोस!”

हे बोलणे खरे आहे काय, आणि ते न्यायाचे आहे काय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचा शोध न करताच आपण दुसऱ्याचा निकाल देऊन मोकळे होतो.

या रुग्णांत ‘ड’ जीवनसत्त्व पुष्कळदा कमी आढळते, हे खरे. शरीराच्या रोगप्रतिकारक व्यवस्थेशी त्याचा संबंध आहे, हेही खरे. परंतु कमतरतेने रोग आला की रोगाने कमतरता आली? हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर शोषले जाते. आतडे सुजले की ते शोषण बिघडू शकते. शिवाय ज्याला घडोघडी संडासाकडे धावावे लागते, तो मैदानावर जाणार तरी कसा? ज्याला आपण कारण म्हणतो, तो कदाचित त्याच्या दुखण्याचाच एक भाग असेल. औषध मात्र घ्यावेच लागते. वाढत्या वयाची हाडे, त्यांत स्टेरॉइडने ती अधिक ठिसूळ होतात. पण मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते.

थिओबाल्ड पाम हा वैद्यकीय मिशनरी जपानात काम करून इंग्लंडला परतला, तेव्हा तेथील मुलांत मुडदूस पाहून त्याला नवल वाटले. जपानात त्याला तो रोग दिसला नव्हता. त्याने इतर देशांतील मिशनऱ्यांकडून पत्रे मागविली आणि 1890 साली मांडले की, उणीव सूर्यप्रकाशाची आहे. धुराने भरलेल्या अरुंद गल्ल्या काही त्या मुलांनी निवडल्या नव्हत्या. गोडादऱ्यातील खोलीही त्या मुलाने निवडलेली नाही.

जन्मांध मनुष्य दिसताच शिष्यांना पहिला प्रश्न सुचला तो पाप कोणाचे, हा. त्याला काय हवे, हे त्यांनी विचारले नाही. आमच्या मंडळ्यांतही अजून बहुधा असेच होते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना मुलाचा आजार बरा करता येणार नाही. परंतु वर्ग चालू असता तो दोनदा उठला तर ‘कुठे निघालास?’ असे सर्वांदेखत विचारू नये. संडासाला कुलूप असेल, तर किल्ली कोणत्या खिळ्यावर असते, हे त्याला आधीच ठाऊक असावे.