20 लिटरात 400 ग्रॅम हळद

बस इथे. मी बोलत असताना मध्ये बोलू नकोस.

तुझी पाककृती दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, घाईत एक शून्य जास्त पडलं असेल. पण पुढे तूच हिशोब मांडलायस: 20 लिटर बिअर, 400 ग्रॅम हळदपूड. म्हणजे लिटरला 20 ग्रॅम, पाव लिटरच्या पेल्यात 5 ग्रॅम. तुझी आई चार माणसांच्या वरणात किती हळद घालते? वसमतच्या घरात वाढलेल्या मुलाने हा आकडा लिहावा आणि त्याला तो खटकू नये, याचा मला राग आला आहे.

हळदीवर बोलण्याआधी शेवटची ओळ. दिवाळीच्या सुट्टीत घरी, प्लॅस्टिकच्या ड्रमात ‘छोटा प्रयोग’ करणार म्हणतोस. करायचा नाही. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने लोकांना घरी बिअर करायची मोकळीक मिळाली; तिथले व्हिडिओ तू बघतोस आणि इथला कायदा विसरतोस. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. इथे प्यायला परवाना लागतो, मग बनवायला लागणार नाही? विनापरवाना आंबवलेला एक ड्रमसुद्धा गुन्हा आहे आणि तो तुझ्या वडिलांच्या घरात सापडेल. ही प्रयोगशाळा परवान्यावर चालते. जे करायचं ते इथे, माझ्या डोळ्यांदेखत. हा विषय संपला.

आता पाककृती. हळद, येसर, मोहाची फुलं, ओवा, दगडफूल, लवंगी मिरची. सहा चवी, एकाच भांड्यात, पहिल्याच खेपेला. बिअर बिघडली तर कशाने बिघडली हे कसं सांगशील? आणि चांगली झाली, तर कशाने झाली हे तरी सांगता येईल का? ज्याचं कारण सांगता येत नाही, ते यश तुला दुसऱ्यांदा मिळणार नाही. तू हौशी नाहीस. तुला यात पदवी घ्यायची आहे.

येसर का घातलास? ‘मराठवाड्याची ओळख’ असं लिहिलंयस. ओळख मलाही प्रिय आहे. पण येसराचा मसाला तेलात परतलेला असतो, आणि तेलाचा अंश बिअरचा फेस मोडतो. फेस गेला की अर्धा वास गेला. हे पहिल्या सत्रात शिकवलं होतं.

हळदीचंही तसंच. पिवळा रंग कर्क्युमिनचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पाच टक्के अल्कोहोलमध्येही फारसं विरघळत नाही. पूड तळाशी बसते आणि जिभेवर कडू, तुरट माती राहते. तुला हवा आहे तो वास. तो वास तेलाचा आहे आणि ते तेल वाफेबरोबर उडतं. बाजारातली हळद आधीच शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली. तू ती पुन्हा तासभर उकळणार! उरलं काय मग? तुमच्या तालुक्यात हळद संशोधन केंद्र उभं आहे, 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्या हळदीचा वास कशात असतो, हे तिथल्याच मुलाला ठाऊक नाही. मला लाज वाटली, तुलाही वाटली पाहिजे.

ज्वारीबद्दल तर मी घाबरलो. मोड आलेली ज्वारी, कोंबांसकट, वाटून घालायची असं लिहिलंयस. पाऊस ओढला आणि कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली की काय होतं, ते वडिलांना विचार. किराळ लागतं म्हणतात ते हेच. त्या कोवळ्या पानांत धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. मोडाच्या कोंबांत आणि मुळांतही तेच धुरिन भरलेलं असतं. ज्वारीचा माल्ट करताना तो नीट वाळवून कोंब आणि मुळं झाडून टाकायची असतात. शेतात दिसलेली गोष्ट प्रयोगशाळेत तुला ओळखता आली नाही. शिवाय ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो. तुझ्या 65 अंशांच्या मॅशमध्ये त्यातला बराचसा कच्चाच राहील. आणि ज्वारीला बार्लीसारखं टरफल नाही, म्हणून गाळताना सगळा लगदा गच्च बसेल. ज्वारी पहिल्या पाककृतीतून काढ.

मसाला घालू नकोस असं मी म्हणत नाही, नीट ऐक. हॉप्स सर्वत्र रुळण्याआधी युरोपात रानातल्या वनस्पती घालूनच बिअर करत. बेल्जियमच्या होखार्डन गावची गव्हाची बिअर बंद पडली होती. पियेर सेलिस यांनी ती 1960 च्या दशकात पुन्हा सुरू केली. तिच्यात काय असतं? कडू संत्र्याची साल आणि धणे. आपले धणे! दोनच चवी, त्याही बेताच्या. पिणाऱ्याला आधी बिअर लागते, मग धणे. तुझ्या यादीत बिअर कुठे आहे ते मला सापडलं नाही. कोणता माल्ट, किती. कोणते हॉप्स, कितव्या मिनिटाला. कोणतं यीस्ट, किती अंशांवर? मसाल्यांवर दीड पान आणि यीस्टवर एक शब्द: ‘यीस्ट’.

आता काय करायचं ते लिहून घे. साधी, फिक्या माल्टची, कमी कडवट बिअर कर, मसाल्याशिवाय. सुरुवातीची घनता 1.050 च्या आसपास, शेवटची 1.012, म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जवळ. 20 अंशांच्या पुढे तापमान जाऊ द्यायचं नाही. घनता तीन दिवस एकसारखी राहिल्याशिवाय बाटली भरायची नाही. अर्धवट आंबलेली बिअर बाटली फोडते आणि काच डोळ्यात जाते.

मग ओली हळद. पूड नाही. काप करून व्होडकात भिजव, गाळ. तुझ्या बिअरचे 100 मिलिलिटरचे पेले भर, एकात 0.1, दुसऱ्यात 0.2, तिसऱ्यात 0.5 मिलिलिटर अर्क. 0.2 पटला तर 20 लिटरला 40 मिलिलिटर, हिशोब सोपा आहे. पण तुझ्या एकट्याच्या जिभेवर मी विश्वास ठेवणार नाही. वर्गातल्या प्रत्येकापुढे तीन पेले ठेव, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते त्यांनी ओळखायचं. गिनेसच्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा माणूस थोड्या नमुन्यांवरून खात्रीचं काय सांगता येतं, याच प्रश्नाशी झगडला; 1908 मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ते गणित छापलं आणि ते आज तू संख्याशास्त्रात शिकतोस. बिअरवाल्यानेच शिकवलेलं गणित बिअर करताना वापरायचं नाही, असं कुणी सांगितलं तुला?

ओवा, मिरची, मोह पुढच्या वर्षी, एकेक करून. दगडफुलाचं मला कुतूहल आहे, ते आधी करू. त्याचा धुरकट वास गडद माल्टबरोबर जमेल असं मला वाटतं, आणि हे मी तू सुचवलंस म्हणून म्हणतोय. तुझी जीभ चांगली आहे. म्हणून तर एवढं बोलतोय. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर शेरा मारून परत दिला असता.

सोमवारी वही आण. पहिल्या पानावर पाण्याचा अहवाल हवा: कॅल्शियम, बायकार्बोनेट, पीएच. तो नसेल तर माल्ट दळायला हात लावायचा नाही.