गणनेपूर्वीचा निवाडा

मोजणे हे ज्ञानव्यापारातील सर्वांत निरुपद्रवी कृत्य आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मतभेद व्हावयाचे ते अर्थाविषयी, आकड्यांविषयी नव्हेत, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु काहीही मोजण्यापूर्वी ‘एक’ कशाला म्हणावयाचे आणि कोणत्या दोन वस्तू एकाच सदरात घालावयाच्या, याचा निवाडा झालेला असावा लागतो. आणि तो निवाडा वस्तूंच्या स्वभावातून होतो की मोजणाराच्या बुद्धीतून, हा प्रश्न नैयायिक आणि बौद्ध यांच्यामध्ये कित्येक शतके गाजला. सर्व गाईंच्या ठायी गोत्व नावाचे एक नित्य सामान्य खरोखरीच वास करते, हा नैयायिकांचा पक्ष. दिङ्नागाच्या परंपरेचे उत्तर असे की, जगात आहेत ती केवळ परस्परभिन्न स्वलक्षणे, म्हणजे एकेकट्या विशिष्ट वस्तू, आणि ‘गाय’ म्हणजे जे जे गाय नव्हे त्याची बुद्धीने आपल्या व्यवहारासाठी केलेली व्यावृत्ती. हा वाद आता पोथ्यांपुरताच उरला, असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी मानवी आतड्यातील सूक्ष्मजीवांची खानेसुमारी करणाऱ्या संगणकीय आज्ञावलींकडे एकवार पाहावे. तेथे तो रोजच्या कामकाजाचा विषय होऊन बसला आहे.

एका प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असावेत आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी, असा अंदाज रॉन मिलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली मांडला. एवढ्या प्रजेतील बहुतेकांना प्रयोगशाळेत वाढविणे दुष्कर असल्यामुळे त्यांची ओळख पटविली जाते ती ‘16 एस’ नावाच्या एका जनुकावरून. हे जनुक सुमारे 1500 अक्षरांचे; ज्या रेणूची घडण त्यात नोंदलेली असते, त्याच रेणूच्या आधारे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली जीवसृष्टीची एक संपूर्ण नवी शाखा वेगळी काढून दाखविली होती. आज यंत्र बहुधा या जनुकाचा अडीचशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचते, आणि वाचताना चुकतेही. हजार अक्षरांत एकच चूक, एवढी अचूकता धरली तरी अडीचशे अक्षरांच्या शंभर तुकड्यांपैकी वीस-बावीस तुकड्यांत कोठे ना कोठे दोष शिरतोच. म्हणून एका अक्षराची तफावत असलेले दोन तुकडे समोर आले की प्रश्न उभा राहतो : हे दोन निराळे जीव, की एकच जीव आणि एक हस्तदोष?

या प्रश्नाला मिळालेले पहिले उत्तर तडजोडीचे होते. ज्यांचे साम्य 97 टक्के वा अधिक, ते सारे एका गटात घालावेत, असा प्रघात पडला. श्टाकेब्रांट आणि गोबेल यांनी 1994 साली जातिनिर्णयाच्या संदर्भात मांडलेल्या मर्यादेचा त्याला आधार होता, आणि 2009 मधील ‘मदर’ व 2010 मधील ‘क्वाइम’ या आज्ञावलींमधून तो जगभर रूढ झाला. नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही जाति, म्हणजे वस्तूतच वसणारे सामान्य, नव्हे, उपाधि होय : वस्तूंवर बाहेरून लादलेला, सोयीचा धर्म. गटांच्या सीमा बहुधा त्या त्या नमुन्यांच्या ढिगावर अवलंबून असत, त्यामुळे एका अभ्यासातील पाचवा गट आणि दुसऱ्या अभ्यासातील पाचवा गट यांचा परस्परांशी काही संबंध असेलच, अशी खात्री कोणालाही देता येत नसे.

2016 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील बेंजामिन कॅलाहन, सूझन होम्स आणि त्यांचे सहकारी यांनी ‘डाडा2’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी प्रश्नाचे स्वरूपच पालटले. जुन्या दप्तरातील नकला तपासणारा चाणाक्ष कारकून ज्या रीतीने विचार करील, त्याच रीतीने ती चालते : नकलनवीस कोणते अक्षर किती वेळा चुकतो हे तो त्या नकलांवरूनच ताडतो, आणि एखादा पाठभेद त्या सवयीने संभवण्यापेक्षा फारच अधिक वेळा आढळला, तर तो हस्तदोष नसून मुळातच निराळा दस्तऐवज असला पाहिजे, असा निष्कर्ष काढतो. आरंभी सारे तुकडे एकाच गटात असतात. ज्याची वारंवारता दोषाने उलगडत नाही, तो फुटून स्वतंत्र गट होतो. आणि उलगडा न होणारे काहीच शिल्लक राहत नाही तोवर ही विभागणी चालते. केवळ एकदाच आढळलेला तुकडा स्वतंत्र अस्तित्वाचा पुरावा म्हणून सामान्यतः स्वीकारला जात नाही. एकट्याची साक्ष ग्राह्य नाही.

येथेही एक मर्यादा आहेच. गट फोडावयाचा तो, दोषाने असे घडण्याची संभाव्यता दशांशचिन्हापुढे 39 शून्ये देऊन मग एक लिहावा, इतकी क्षुद्र ठरल्यावरच. आणि ही मर्यादाही माणसानेच निश्चित केलेली असून, वापरणाराला ती बदलताही येते. मग फरक काय पडला? माझ्या मते फरक मूलगामी आहे. 97 हा आकडा जीवाणूंविषयी काहीतरी सांगण्याचा आव आणीत होता. हा नवा आकडा आपण किती पुरावा मागतो, एवढेच सांगतो. पहिल्यात मानवी संकेत प्रमेयात, म्हणजे जाणावयाच्या वस्तूत, जाऊन बसला होता. दुसऱ्यात तो प्रमाणाच्या, म्हणजे जाणण्याच्या साधनाच्या, जागी, आपल्या हक्काच्या जागी, परत आला.

एका अक्षराचा भेदही आता टिपता येतो, म्हणून स्वलक्षणवादी बौद्ध जिंकले, असे मात्र म्हणता येत नाही. एश्चेरिचिया कोलाय या जीवाणूच्या एकाच देहात 16 एस जनुकाच्या सात प्रती असतात आणि त्या परस्परांशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. उलट रक्ती आव घडविणारा शिगेला आणि हा आतड्यातला नित्याचा रहिवासी, हे दोघे त्या अडीचशे अक्षरांवरून निराळे ओळखू येत नाहीत. सूक्ष्मातिसूक्ष्म भेद पकडणारे साधन एकाचे अनेक करते आणि दोघांचा एक. दिङ्नागाच्याच परंपरेतील धर्मकीर्तीने गुळवेलीसारख्या वनस्पतींचा दाखला दिला आहे : परस्परभिन्न असूनही त्या ज्वर शमवितात, आणि त्यासाठी त्यांच्यात एखादे समान सामान्य मानावे लागत नाही. आतड्यातही फीकॅलिबॅक्टेरियम आणि रोझबुरिया हे भिन्न कुळांतील जीवाणू ब्यूटिरेट हे एकच आम्ल निर्माण करतात, आणि देहाला प्रयोजन असते ते त्या आम्लाशी. नामाने भिन्न ते कार्याने एक, आणि नामाने एक ते कार्याने भिन्न, असे हे दुहेरी अंतर कोणत्याही एका सदराने बुजत नाही.

तेव्हा जाति वस्तूत की बुद्धीत, या वादाचा अखेरचा फैसला आज्ञावली देणार नाही. तो देण्याचा तिला अधिकारही नाही. तिच्या कर्त्याचे कर्तव्य एवढेच की, आपण कोठे भेद केला, किती पुराव्यावर केला आणि तो बदलावयाचा तर कोठे बदलावा, हे त्याने उघड मांडावे. आणि वाचकाने, आपल्या उदरात अमुक इतक्या जाती नांदतात असा अहवाल हाती आला म्हणजे, त्या आकड्याने हर्षित वा चिंतित होण्यापूर्वी, ही मोजणी कोणत्या नियमाने झाली, हे अवश्य विचारावे.