जमिनीखालचे पाणी कोणाचे?

खर्ड्यास सप्ताहाच्या कीर्तनासाठी आम्ही गेलो होतो. काल्यानंतर पारावर बसलो असता एका तरुण शेतकऱ्याने विचारले, "महाराज, म्या रानात खोल बोअर घेतला. पाणी लागलं. पण त्याच उन्हाळ्यात शेजारच्या म्हातारीची हीर आटली. जमीन माझी, पैका माझा. मग दोष कोणता?"

आमच्याने पटकन उत्तर देववेना. कारण आमच्याही घरी हेच घडले आहे. आमच्या बोअरनंतर शेजाऱ्याची विहीर बसली. त्याने आमच्याकडे बोट दाखविले नाही आणि आम्हीही विचारपूस केली नाही. दोन वर्षांनी तो गाव सोडून गेला. कीर्तनात दयेवर निरूपण करणाऱ्या आम्हाला त्याच्या दारापर्यंत दहा पावले चालवली नाहीत.

सज्जनहो, जमिनीला सातबारा आहे, पाण्याला नाही. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि भेग काही बांध पाहून थांबत नाही. जो अधिक खोल जातो, तो शेजाऱ्याचा वाटा ओढतो. मग यंत्रच पापी म्हणावे काय? तसे नव्हे. पोहऱ्यानेही चोरी होते आणि यंत्रानेही धर्म होतो.

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. पाऊस बेताचाच. 1989च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदानाने माती-पाणी अडविले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. तेथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचे व गुरांचे पिण्याचे पाणी. उरेल त्यावर पिके. पाऊस कमी, तर पिकेही कमी. शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही, हे गावानेच ठरविले. मोजण्याची विद्या नवी. परंतु ती फळली निग्रहामुळे.

जामखेडासही तेच. 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे आरोग्याचे काम मांडले. अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर बायाबापड्यांस रोगनिवारणाची विद्या शिकविली. विद्या एकाच्या पेटीत न राहता घरोघर गेली.

कोणी म्हणेल, "मी एकट्याने हात आखडला तर म्हातारीची विहीर भरेल का? कर्ज मात्र माझ्या डोक्यावर!" आक्षेप खरा आहे. एकट्याच्या त्यागाने भूगर्भ भरत नाही. म्हणून नियम साऱ्या गावाने मिळून करावा लागतो. दिंडीत ज्याचे पाय बळकट तो पुढे पळत नाही. चाल सर्वांची एक असते. परंतु ग्रामसभा ठरवीपर्यंत तहान थांबत नाही. तेथे ज्याचे त्याचे कर्तव्य आजचेच.

म्हणून त्या तरुणास आम्ही म्हणालो, "बाळ, बोअर घेतलास तेव्हा तुला ठाऊक नव्हते; तोवर दोष थोडा. आता ठाऊक झाले. उद्या सकाळी म्हातारीच्या दारी नळी ओढ, आणि पुढच्या ग्रामसभेत पाणी मोजण्याचा विषय तूच काढ. आमच्यासारखा उशीर करू नकोस."

तो उठून गेला. आम्ही मात्र बराच वेळ तेथेच बसलो होतो.