अपरिग्रह आणि दुचाकीवरचे ओझे

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांतून मोटारसायकलने मुंबईबाहेर तंबूच्या मुक्कामाला जाणाऱ्यांचा रस्ता बहुधा डॉ. आंबेडकर मार्गाने शीव येथे येतो आणि तेथे त्याला फाटे फुटतात: एक वाट पूर्व द्रुतगती महामार्गाने ठाणे, कसारा घाट, घोटी असे करीत भंडारदऱ्याकडे, तर दुसरी शीव-पनवेल महामार्गाने बोरघाटाकडे किंवा कोकणाकडे जाते. येथवर वाहनावर जे बांधून आणले तेवढ्यावरच पुढचा मुक्काम निभवावा लागतो, म्हणून काय घ्यावे आणि काय ठेवावे याचा निवाडा घरातच करावा लागतो. वरवर पाहता हा निव्वळ सोयीचा प्रश्न आहे. परंतु वस्तू जवळ बाळगणे आणि त्यांना धरून राहणे या वृत्तीला भारतीय नीतिशास्त्राने ‘परिग्रह’ असे नाव देऊन तिची जी दीर्घ चिकित्सा केली, तिच्या कसोटीवर हा प्रश्न घासून पाहिला, तर त्यातून केवळ प्रवाशापुरता नसलेला एक नैतिक निकष हाती येतो.

संन्यासपरंपरांनी सामानाच्या याद्या फार पूर्वीच करून ठेवल्या आहेत. बौद्ध भिक्षूला ‘अष्टपरिष्कार’, म्हणजे तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके अशा आठ वस्तू विहित आहेत. दिगंबर जैन मुनी मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू जवळ ठेवतो, आणि त्यांखेरीज फार तर एखादा शास्त्रग्रंथ. या याद्यांच्या तोकडेपणाचे कौतुक नेहमी होते, पण त्यांतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. पाणी गाळण्याचे फडके आणि पिच्छी या वस्तू मुख्यतः बाळगणाऱ्याच्या सुखासाठी नाहीतच. पाण्यातले जीव पोटात जाऊ नयेत, बसण्याच्या जागी चिरडले जाऊ नयेत, यासाठी त्या आहेत. सर्वस्व सोडणाऱ्यानेही काही ओझे दुसऱ्याच्या रक्षणासाठी वाहिलेच पाहिजे, असा याचा अर्थ होतो.

अर्थात दोन दिवसांच्या मुक्कामाला निघालेला मोटारसायकलस्वार भिक्षू नव्हे, तो गृहस्थ आहे, आणि सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचे आहे. त्याला लागू पडणारा विचार महाव्रतांचा नसून अणुव्रतांचा, म्हणजे गृहस्थाला झेपतील अशा मर्यादित व्रतांचा आहे. जैन श्रावकाचे पाचवे अणुव्रत ‘परिग्रह-परिमाण’ हे होय: जमीन, घर, सोने, धनधान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा आपणच आधी ठरवावी आणि ती ओलांडू नये. याच्या जोडीला, कोणत्या दिशेला किती दूर जायचे याचीही सीमा घालणारे ‘दिग्व्रत’ आहे. मर्यादा मोहाच्या क्षणी नव्हे, तर त्याच्या आधी ठरवायची, हे या व्रतांचे मर्म आहे. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ या ग्रंथात परिग्रह-परिमाणाचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बट्टा लावणारे दोष, सांगितले आहेत: लोभाने जनावरांना अति दामटणे, अतिसंग्रह, दुसऱ्याचा लाभ पाहून वाटणारा विस्मय, अतिलोभ आणि अतिभारवहन. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त मात्र अतिभार लादण्याचा दोष अहिंसाव्रताखाली येतो. एकाच कृत्याची अशी दोन ठिकाणी नोंद व्हावी हे अर्थपूर्ण आहे, कारण संग्रह आणि हिंसा ओझ्याच्या ठिकाणी एकमेकांना भेटतात.

मोटारसायकलला वेदना होत नाहीत, तेव्हा अतिभाराचा दोष येथे उरत नाही, असा आक्षेप घेता येईल. पण तो टिकणारा नाही. वाहनाच्या पुस्तिकेत भाराची जी मर्यादा दिलेली असते तीत चालक, मागे बसणारा आणि सामान या तिघांचेही वजन धरलेले असते, आणि जाणकार लोक जड वस्तू खाली व दोन चाकांच्या मध्ये येतील अशा बेताने सॅडल बॅगांत भरतात ते यासाठीच की मागच्या कॅरिअरवर उंच रचलेले ओझे पुढचे चाक हलके करते, मग हँडल थरथरू लागते आणि वळणावर गाडी बाहेर ओढली जाते. शिवाय भार वाढला की गाडी थांबायला जास्त अंतर लागते. याहून सूक्ष्म परिणाम दिव्याचा आहे: मागचा भाग दबला की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो आणि कसाऱ्याच्या घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. हौसेने घेतलेल्या जादा खुर्चीची आणि स्पीकरची किंमत अशा वेळी एखाद्या अनोळखी ट्रकचालकाला क्षणभर आंधळे होऊन मोजावी लागते.

पतंजलींनी अपरिग्रहाचा समावेश पाच यमांत केला, आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्याने त्याचे कारण देताना विषयांचे, म्हणजे भोग्य वस्तूंचे, पाच दोष दाखवले: अर्जन, रक्षण, क्षय, संग आणि हिंसा. वस्तू मिळवण्याचे कष्ट, ती सांभाळण्याची चिंता, ती झिजल्याचे दुःख, तिची लागलेली ओढ आणि तिच्यापायी होणारी इजा, असा हा क्रम आहे. महागडा कॅमेरा बरोबर घेतलेला प्रवासी चहाच्या टपरीवरही गाडीपासून नजर हलवू शकत नाही, हा रक्षणदोष. हिंसादोषाचे उदाहरण भंडारदऱ्याच्या परिसरातच मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या झाडांवर काजवे चमकतात, आणि नर-मादी एकमेकांना ओळखतात ते याच चमकण्याच्या खुणेने. तेथे तंबूभोवती लावलेली दिव्यांची माळ आणि प्रखर टॉर्च या वस्तू पिशवीत कितीही कमी जागा घेत असल्या, तरी त्या खुणा पुसून टाकतात. वस्तूचे वजन आणि तिचा नैतिक भार यांचे प्रमाण सारखे नसते.

याच कारणाने वस्तू मोजून अपरिग्रह ठरत नाही. उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’ अशी केली, म्हणजे वस्तूच्या ठिकाणी भान हरपून गुंतणे. आणि दिगंबर परंपरेने बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगून आंतरिक परिग्रहाचे मात्र चौदा मोजले, ज्यांत मान आहे आणि भयही आहे. अतिशय हलका, अतिशय महाग तंबू घेऊन आपल्या सामानाचे वजन ग्रॅममध्ये सांगत फिरणाऱ्याची पिशवी लहान असेल, पण मानाचा परिग्रह त्याने सोडलेला नसतो. भयाचा परिग्रह त्याहून सर्वसामान्य आहे. ‘असू दे बरोबर, लागलंच तर’ या वाक्याने मराठी घरातून जेवढे सामान बाहेर पडते तेवढे खऱ्या गरजेने पडत नसावे.

तरीही ‘लागलंच तर’ हे वाक्य सरसकट मोडीत काढता येत नाही, आणि या प्रश्नाची खरी अडचण येथेच आहे. पंक्चर दुरुस्तीचे साहित्य, क्लचची जादा केबल, प्रथमोपचाराची पेटी या वस्तू बहुतेक सहलींत न वापरताच परत येतात. म्हणून त्या अनावश्यक ठरत नाहीत. गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत, गरज नसलेली वस्तू बाळगणे ही एक प्रकारची चोरीच होय असे मत मांडले. परंतु संकटासाठी राखलेली वस्तू गरजेची की बिनगरजेची, हे केवळ वापरावरून ठरत नाही. येथे निकष बदलावा लागतो. वस्तू लागेल का, एवढेच न विचारता, ती नसली तर तिची उणीव कोणाच्या वाट्याला येईल, असे विचारावे. उशी नसली तर मान आपली अवघडते. हत्यारे नसली तर सोबत्यांचा दिवस जातो, आणि प्रथमोपचार नसला तर रात्री गावकऱ्यांना धावपळ करावी लागते. कचरा परत आणण्याची पिशवी नसली तर ते ओझे किल्ल्यावर किंवा धरणाच्या काठी राहते.

हा निकष हलकेपणाच्या काही रूढ कल्पनाही तपासून देतो. पंढरीच्या वाटेवर वारकरी टाळ, पताका आणि तुळस घेऊन चालतो, पण दिंडीच्या राहुट्या, शिधा आणि भांडी ट्रकमधून पुढे जातात. वारकऱ्याला हे ठाऊक असते, दिंडीचा खर्च भिशीने किंवा वर्गणीने उचलला जातो आणि कामे वाटून घेतली जातात, म्हणून त्या हलकेपणात फसवणूक नाही. सामानाची गाडी मागून आणवून स्वतःला मुक्त प्रवासी म्हणवणाऱ्याचे तसे नसते. दुसरीकडे, फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून आलेली जी निर्वासित कुटुंबे शीव कोळीवाड्यात वसली, त्यांनी सामान सोडले नव्हते, ते त्यांच्याकडून सुटले होते. त्या अभावाला अपरिग्रह म्हणणे ही क्रूर थट्टा होईल, कारण व्रताला निवड लागते, आणि निवडीला आधी काही तरी असावे लागते.

उणीव दुसऱ्यावर टाकू नये, याचा अर्थ दुसऱ्यावर अवलंबूच नये असा मात्र नाही. रतनवाडीसारख्या गावात एखाद्या घरी पैसे देऊन पिठलं-भाकरी जेवणारा प्रवासी स्टोव्ह, गॅस आणि पाकीटबंद अन्न यांचे ओझे वाचवतो, पण त्याचा भार कोणावर ढकलत नाही. ज्याच्याकडून घ्यायचे त्याला आधी विचारून, त्याच्या सवडीने आणि योग्य मोल देऊन घेतलेली मदत ही परस्परसंबंधाची गोष्ट आहे. भिक्षू आणि गृहस्थ यांचे नातेही अशाच मान्य केलेल्या अवलंबनावर उभे होते. दोष अवलंबनाचा नसून ते गृहीत धरण्याचा आहे.

म्हणून सामान बांधण्याच्या बाबतीत अपरिग्रहाचा निर्णय असा द्यावा लागतो: स्वतःच्या सुखाच्या वस्तूंना घरातच मर्यादा घालावी आणि ती पाळावी; ज्या वस्तूंच्या अभावाचा भुर्दंड दुसऱ्याला पडेल त्या वापरात न आल्या तरी बिनतक्रार वाहाव्यात; आणि ज्यांच्या असण्यानेच दुसऱ्याला इजा होते त्या हाताएवढ्या असल्या तरी मागे ठेवाव्यात. कमी सामान हे या विवेकाचे फळ असू शकते, त्याचा पुरावा नव्हे.