खटक्यांवरचं गाणं

५ मार्च १९७५. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजात काही हौशी मंडळी जमली. होमब्रू कॉम्प्युटर क्लबची ही पहिली बैठक. पुढच्याच महिन्यात स्टीव्ह डॉम्पियर क्लबच्या बैठकीत आपला अल्टेअर संगणक घेऊन आले. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. एकेक खटका वरखाली करत त्यांनी प्रोग्राम भरला, जवळ साधा रेडिओ ठेवला आणि त्याच्या खरखरीतून चक्क बीटल्सचं गाणं वाजू लागलं! सुचेल ते सांगून टाकायचं, ही तिथली रीत. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपल्या ॲपल-वन संगणकाचे आराखडे तिथे फुकट वाटले. त्यांचे मित्र स्टीव्ह जॉब्ज यांना त्यात धंदा दिसला. मला हेवा वाटतो तो त्या वाटपाचा.