कुत्रा मागं येतो म्हणून

आमच्या झाडीपट्टीत जंगलात जाणाऱ्या माणसामागं कुत्रा जातो, याचं कोणाला नवल वाटत नाही. मोह वेचायला जा, तेंदूपत्त्याला जा, सरपणाला जा, नाहीतर धानाच्या बांधीत जागलीला जा. चार पावलं मागं किंवा पुढं तो असतोच. त्याला कोणी बोलावत नाही. म्हणून त्याला नेणं बरोबर की चूक, हा प्रश्नही गावात कोणी विचारत नाही.

मला तो प्रश्न पुतण्यानं विचारला. तो पुण्याला नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर सह्याद्रीच्या घळींत दोर लावून उतरतो. भंडारदऱ्याजवळ साम्रद गावापाशी सांदण दरी आहे, तिथंही तो जाऊन आला. दोन्हीकडं उभे कातळ, मधी माणूस मावेल एवढी वाट, खाली थंड पाण्याचे डोह. पुढं कडा आला की दोर बांधून उतरायचं. अमेरिकेत युटा म्हणून राज्य आहे, तिथं अशा घळी फार. तिथं काही लोक कुत्र्यालाही अंगाभोवती पट्टे बांधून दोरानं खाली सोडतात, म्हणे. यालाही आपला कुत्रा तसाच न्यायचा होता. गावी आला तेव्हा म्हणाला, "मोठेबाबा, त्याले आवडते जी. पट्टा हातात घेतला का नाचते."

मी त्याला विचारलं, उतरल्यावर दोराचं काय करता? तो म्हणाला, शेवटचा माणूस खाली आला की दोर ओढून घेतो, पुढच्या कड्याला तोच लागतो. म्हणजे दोर ओढला की मागं जाणं संपलं. आता पुढंच जायचं, पाणी असो, अंधार असो. हे माणसाला ठाऊक असतं, आणि ठाऊक असून तो उतरतो. कुत्र्याला ते कोण सांगणार? तो पट्टा पाहून नाचतो खरा. पण तो पट्ट्यासाठी नाचत नाही, दरीसाठी तर नाहीच. तुम्ही निघाले म्हणून नाचतो.

मी जन्मभर बैल आणि कुत्रे दोन्ही पाळले. नाल्याला पूर असला तर बैल काठावर अडतो. तुतारी टोचा, शेपूट पिळा, पाय टाकत नाही. त्याचा नकार साऱ्या गावाला दिसतो. कुत्रा तसा अडत नाही. मालक पाण्यात उतरला की तोही काठावर दोनदा कुंई करतो आणि उडी टाकतो. बैलाला पाणी दिसतं, कुत्र्याला मालक दिसतो. म्हणून कुत्र्याच्या होकारावर भरोसा ठेवता येत नाही. तो होकार तुम्हाला आहे, वाटेला नाही. आणि जो आपल्याला कधीच नाही म्हणत नाही, त्याच्या वतीनं नाही म्हणायचं कामही आपल्यावरच येतं.

हे दरीचं झालं. मग आमच्या जंगलाचं काय? पुतण्यानं मला तेच उलटं विचारलं, आणि त्याचं बरोबर होतं.

मोहफूल मार्च-एप्रिलात पहाटे पडतं. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर केला तर ढोरं आणि हरणं फूल खाऊन जातात. अस्वलालाही तेच फूल पाहिजे असतं. अस्वल माणसाच्या वाटेला सहसा आपणहून जात नाही. पण कुत्रा त्याच्या अंगावर भुंकत जातो, अस्वल उलटलं की शेपूट घालून पळतो, आणि पळतो कुठं? मालकाच्या पायाशी. मागं अस्वल असतं. जुने ढोरकी म्हणूनच सांगत, की कुत्रा वास काढून सावध करतो तेवढा चांगला, भांडण घेऊन परत येतो तेवढा वाईट. आणि बिबट्याला तर कुत्रा फारच आवडतो. गावाच्या कडेला तो कुत्र्यासाठीच येतो. जंगलात आपण कुत्रा त्याच्या दारी नेऊन देतो.

आमच्या शेजारच्या एका काकीला मी हे सगळं सांगितलं. तिचं वय सत्तरीच्या पुढं, नवरा नाही, मोहावर वर्षाचं मीठ-मिरची काढते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बापू, तुयं खरं हाये. पन तो संगं असला का जीव थाऱ्यावर रायते. कुत्रा नाही नेला त मी कोनाच्या भरोशावर जाऊ?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा मुलखात काकीची भीती खोटी कशी म्हणू? पुतण्या हौसेनं जातो, काकी पोटासाठी जाते. दोघांना एकाच मापानं मोजणं हा अन्याय होईल. पण गरज असली म्हणून कुत्र्याचा जीव स्वस्त होतो, असंही मला म्हणता येत नाही. गरज आपल्याला माफी देते; जबाबदारीतून मोकळं करत नाही.

या गोष्टीवर विचार करताना मला धर्मराज आठवतो. पांडव शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा कुत्रा त्यांच्या मागं लागला. त्याला कोणी नेलं नव्हतं. वाटेत द्रौपदी पडली, भाऊ पडले, धर्मराज पुढं चालत राहिला. शेवटी इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड. तिथं मात्र तो अडला. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना लोक कुत्र्याच्या इमानाला मान डोलावतात. मला त्यात माणसाचं इमान दिसतं. धर्मराजानं कुत्र्याला हौसेनं नेलं नाही. पण जो सोबत चालत आला, त्याला सोडून स्वतःच्या सुखाच्या रथात बसला नाही. नेणं वेगळं आणि न सोडणं वेगळं. आपण नेतो पटकन, आणि वेळ आली की सोडतोही पटकन.

यात तिसराही एक आहे, तो म्हणजे जंगल. ताडोबाच्या रानात कोळसुनांचे कळप आहेत. गावकुत्रा त्यांच्या नात्यातलाच, आणि त्याचे रोग त्यांना लागू शकतात. 2018 साली गुजरातच्या गीरमध्ये वीसच्या वर सिंह मेले, त्यात कॅनाइन डिस्टेंपर हा रोग सापडला. तो कुत्र्यांतही असतो. म्हणजे आपला कुत्रा मागं येतो तेव्हा तो फक्त आपलाच जीव धोक्यात घालत नाही. ज्याच्या घरात आपण पाहुणे म्हणून शिरतो, त्याच्याही दारात रोग नेऊ शकतो. कोळसुनाला तर कोणी विचारतही नाही.

मग करायचं काय? मी माझ्यापुरता एक हिशेब लावला आहे. जिथून कुत्र्याला मनात आलं तर स्वतःच्या चार पायांनी घरी परत येता येईल, तिथवरच त्याला येऊ द्यावं. धुऱ्यापर्यंत, बोडीपर्यंत, गावाजवळच्या मोहापर्यंत. दोर ओढून घेतलेल्या घळीत तो येऊ शकत नाही, म्हणून तिथं नाही. दाट जंगलात वाट मोकळी दिसते, पण बिबट्या परतू देत नाही, म्हणून तिथंही नाही. जिथवर नेतो तिथवर आधी लस टोचलेली असावी, तो नजरेआड जाऊ नये, आणि त्याचे कान मागं गेले, पाय थबकले, तर आपणही थांबावं. त्याच्याकडं नकाराचे तेवढेच शब्द आहेत.

काकीसाठी आम्ही एवढं केलं, की आमच्या आळीतल्या चार बाया आता तिच्या वेळेनं, उजाडल्यावर, एकत्र निघतात. फूल थोडं कमी मिळतं. वनखात्याचे लोकही हेच सांगतात, घोळक्यानं जा, अंधारात जाऊ नका. म्हातारीला कुत्र्याचा भरोसा सोडायला लावायचा असेल, तर माणसाचा भरोसा द्यावा लागतो. नुसता उपदेश करून तिला एकटीला पाठवणं, हे कुत्रा नेण्यापेक्षा वाईट.

तरी तिचा कुत्रा मागं जातोच. म्हणून ती निघायच्या आधी त्याला खुंट्याला बांधते. तो ती दिसेनाशी होईपर्यंत रडतो, साऱ्या आळीला ऐकू येतं. काकीला ते रडणं सहन होत नाही, मलाही होत नाही. पुतण्याला मी फोनवर एवढंच सांगितलं, की तूही दारात त्याचं रडणं ऐकून निघत जा. तो म्हणाला, "पाहतो जी."