दोन टक्के नंतर बघू

पेण

चि. संदीप,

नागोठण्यात तुझी वेल्डिंगची शेड उभी राहिली, कंपनीतलं शटडाउनचं कामही मिळालं, ऐकून बरं वाटलं. ‘मोठ्या कंपन्यांसारखे नफ्यातले दोन टक्के समाजासाठी काढणार’ म्हणतोस. काढ की, कोण नको म्हणतंय! पण २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ तुला लागू व्हायला हजार कोटींची उलाढाल किंवा निदान पाच कोटींचा नफा असं काहीतरी लागेल. आणि ते कलम विचारतं फक्त दोन टक्क्यांबद्दल. बाकीचा पैसा कसा मिळवला, ते गाव विचारतं.

नागोठण्यात आयपीसीएल या सरकारी कंपनीचा गॅस क्रॅकर कारखाना आला तेव्हा शेतं गेली, पण पगारही आले, खानावळी चालल्या, भाड्याच्या खोल्या उठल्या. नोव्हेंबर १९९०मध्ये तिथेच गॅस गळून स्फोट झाला, तीसहून अधिक माणसं गेली. २००२मध्ये कंपनी रिलायन्सकडे गेली, तरी प्रकल्पग्रस्तांचा नोकऱ्यांचा प्रश्न मिटला नाही. शाळेत वह्या कोणी वाटल्या, ते कोणाला आठवत नाही. नोकरी कोणाच्या पोराला लागली आणि कोणाच्या नाही, हे मात्र घरोघर तोंडपाठ आहे.

तुझं काम तसल्याच गॅसच्या पाइपांवरचं. कटर पेटवण्याआधी गॅस तपासला का, वर्क परमिटवर सही झाली का, हे स्वतः उभं राहून बघ. ‘पाच मिनिटांचं तर काम आहे’ असं मुकादम म्हणेल तेव्हा तर नक्कीच बघ.

इकडे हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीची आखणी बघायला एकदा ये. बारीक ब्रशने डोळ्याची रेघ ओढताना कारागीर श्वाससुद्धा रोखतो. हा हात एका हंगामात बसत नाही. पोरगं आधी मूर्ती घासतं, मग अंगाचा रंग मारतं, कितीतरी वर्षांनी डोळ्यांपर्यंत पोचतं. इतकी वर्षं मालक त्याला सांभाळतो, त्याच्या हातून माल बिघडण्याची जोखीमही घेतो. तेव्हा कुठे पेणच्या मूर्तीला भाव येतो. धंदा आणि गावाचं भलं यांच्या दोन वेगळ्या वह्या तिथे मला दिसल्या नाहीत.

तूही गावातली दोन पोरं हेल्पर म्हणून घे आणि त्यांना आयुष्यभर सळ्याच उचलायला लावू नकोस. वेल्डिंग शिकून उद्या ती आखातात गेली तर तोंड वाकडं करू नकोस. (करशील, मला माहीत आहे.)

राहिला पैसा. छोट्या उद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकती करावीत असा कायदा आहे. पण तुझं बिल अडकलं म्हणून मजुरी अडकता कामा नये. दोन महिन्यांची मजुरी बाजूला पडल्याशिवाय नवी गाडी घेऊ नकोस. आणि वीस माणसं झाली की पीएफ लागतो म्हणून हजेरीपट एकोणिसावर थांबवायची युक्ती कोणीतरी शिकवायला येईल. त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.



तुझा,
काका